व्यवसायाचा रकाना

लोमे शहरात, मंत्रालयाच्या तळघरात
मी याद्या तपासायचो.
वर शहर बंद, खाली पंखा चालू,
आणि पडद्यावर नावं, नावं, नावं.
सरकार पैसे पाठवणार होतं, थेट फोनवर.
नाव, मतदार क्रमांक, वस्ती, व्यवसाय.
चार रकाने. पाचवा नव्हता.

नाव बहुतेकांना असतं.
व्यवसायापाशी गाडी अडायची.
एसिनाम आमेगान, बे वस्ती :
पहाटे सरहद्दीच्या फाटकापाशी पिठाचे गोळे तळते,
दुपारी दुसऱ्यांचे कपडे धुते,
संध्याकाळी पोरींच्या वेण्या घालते.
"आणि रात्री झोपते," फोनवर म्हणाली, "तेही घ्या लिहून."
रकान्यात बाराच अक्षरं मावत होती.
मी लिहिलं : विक्रेती.
तिचे बाकीचे हात
रकान्याबाहेर लोंबत राहिले.

रेडिओ सांगत होता, हात धुवा.
बरोबरच होतं ते. आजार खोटा नव्हता,
माझा मेहुणा त्यातच गेला.
पण फाटक बंद झालेलं, आणि ज्याचं पोट हातावर
त्याने हात धुतले की पोटही वाहून जातं
साबणाच्या फेसाबरोबर, गल्लीतल्या नालीतून
सरोवराकडे.

साहेब घरून काम करायचे.
त्यांच्या आवाजामागे कुणीतरी
पाण्यात सूर मारायचं, हसायचं.
"यादीत खोटे किती?" ते रोज विचारायचे.
मी खोटे शोधले. एक्केचाळीस सापडले.
त्यातला एक मेलेला होता,
त्याच्या बायकोने त्याच्या नावावर बटण दाबलेलं.
घरात खाणारी तोंडं पाच.
मी त्याला वगळलं. म्हणजे तिला.
त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरून
एका आयातदाराच्या करमाफीचा कागद खाली आला,
शिक्का मारायला.
मी तो उलटून पाहिला, पालटून पाहिला.
रकाना एकही नव्हता.
नुसती सही.

पैसे गेले ते रात्री, पावणेबाराला.
म्हणतात, बेच्या एका गल्लीत
एकाच वेळी चाळीस फोन किणकिणले
आणि कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्या दिवशी एसिनामचा फोन.
"शेजारीण आहे, डेलाली. फाटकापलीकडच्या देशातली.
मतदार कार्ड नाही तिच्याकडे, म्हणून पैसे नाहीत."
मी म्हणालो, नियम आहे.
"नियम कळला मला. मी मक्याचं पीठ घेतलंय, दोन पातेली.
तुमच्या यंत्रात लिहून ठेवा, एक तिचं."
असा रकाना नाही, मी म्हणालो.
"मग करा की."
मागे काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

सरकारला शहाणपण शिकवण्याइतका मी मोठा नाही.
पण तळघरातून एवढं दिसतं :
आधी द्या, मग विचारा.
भुकेला पुरावा मागू नका,
ती काही शिल्लक ठेवत नाही, सगळं खाते.
चुकून एखाद्या पोट भरलेल्याला दोन घास गेले
तर जाऊ द्यात.
आणि पुरावा मागायचाच असेल तर दुसऱ्या टोकाला मागा.
ज्यांचं पोट हातावर नाही, त्यांना विचारा
कुठे ठेवलंय ते,
कुठल्या बँकेत, कुठल्या बेटावर,
आणि टाळेबंदीत ते आणखी कसं सुटलं.

हे मी साहेबांना लिहून पाठवलं नाही.
मसुद्यात पडून आहे.

तीन हप्त्यांनंतर यादी बंद केली.
फाटक पुढे कधीतरी उघडलं.
डेलालीचं काय झालं, ठाऊक नाही,
कारण माझ्याकडे ती कधी नव्हतीच.

परवा मुलाच्या शाळेचा अर्ज भरत होतो.
वडिलांचा व्यवसाय.
बारा अक्षरांचीही जागा नव्हती.
पेन थांबलं, मग आपोआपच उतरलं :
वगळणे.
घाईघाईने खोडायला गेलो,
खोडरबर मिळेना,
बोटाला थुंकी लावून घासत बसलो.