दहा पॉइंट नऊ

तीस वर्षं मी वीज खात्यात लाइनमन.
अकरा हजारांच्या तारेखाली बसून डबा खाल्ला,
पैंगीणपासून पोळेंपर्यंतचा प्रत्येक खांब मला ओळखतो.
निवृत्त झालो, गालजीबागच्या अंगणात दुर्बीण मांडली,
आणि बारा व्होल्टांनी पहिल्याच रात्री
मला खाली बसवलं.

दुर्बीण फिरेना. म्हणजे फिरे,
दोन पावलं चालून थांबे,
कशाला निघालो होतो ते विसरल्यासारखी.
मीटर लावला.
बॅटरीपाशी बारा पॉइंट सहा,
दुर्बिणीपाशी दहा पॉइंट नऊ.
मधल्या पंधरा मीटरांत एवढं खातं कोण?

मीच. मीच ओढली होती ती बारीक वायर,
घरात पडून होती म्हणून.
अकरा हजारांना पंधरा मीटर म्हणजे एक शिंक.
बारांना तो करमलचा घाट.

रुझारनं होडीवरची जुनी बॅटरी दिली होती.
वायर बघून तो हसलासुद्धा नाही.
"समुद्रात गेल्यावर परत येऊन बदलता येत नाही," म्हणाला,
"म्हणून आम्ही आधीच जाडी घालतो."
मग सहा चौरस मिलिमीटरची आणली, करंगळीएवढी,
प्रत्येक टोक दाबून, वर ग्रीस, वर नळी
(इथलं वारं तांब्याला आठवड्यात हिरवं करतं),
प्रत्येक वाटेला वेगळा फ्यूज,
आणि लुकलुकणाऱ्या सगळ्या ठिपक्यांवर काळी टेप.

एप्रिल संपत आला होता. ईस्टर होऊन गेलेलं.
कासवांसाठी किनारा आधीच काळोखात,
त्यात सव्वाअकराला गावाची वीज गेली.
जुनी खोड, कान ट्रान्सफॉर्मरकडे वळले.
मग आठवलं, ते आता माझं काम नाही.
माझं काम सुरूंच्या वर, दक्षिणेला,
नरतुरंगातला तो तारकागुच्छ,
तेविसावी फ्रेम, तीन मिनिटांची.
अख्ख्या गावात चालू असलेलं ते एकच यंत्र
आणि त्याला उजेड नको होता.

कुंपणापलीकडून एस्पेरांस आली,
चादरीत गुंडाळलेला पांढरा झगा घेऊन.
"लायनमन, वीज केन्ना येतली?"
जणू मी अजून खांबावरच.
सकाळी दहाला नवरीची आई न्यायला येणार,
डावी बाही उरलेली, मण्यांसकट.

मी माझा लाल टॉर्च पुढे केला.
तिनं कापड जवळ धरलं, लांब धरलं.
कच्चे टाके तिनं लाल दोऱ्यानं घातले होते.
माझ्या उजेडात एकही दिसेना.

"थांब," म्हणालो. चाळीस सेकंद उरले होते.
खोटं कशाला सांगू, ते मी पूर्ण होऊ दिले.
मग नळीला झाकण. झाकण म्हणजे दव नाही,
म्हणून दव-पट्ट्याची वायर काढली
आणि त्या जागी जोडली पांढऱ्या दिव्यांची पट्टी.
अंगण एकदम दिसायला लागलं,
बादली, तुळस, माझे मळलेले पाय.

ती पाटावर बसून शिवत राहिली.
मी मणी मोजून देत होतो, मधूनच मीटर बघत होतो.
बारा पॉइंट तीन. धरून होतं.
दोरा तोडताना तिची नजर पडद्यावर गेली.
"कितें रे हें? मण्यांची डबी सांडली?"
दहा लाख असतील, मी म्हणालो.
"आनी शिंवतलो कोण?"

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज आली.
रस्त्यावरचा दिवा पेटला तेव्हा
गुच्छ सुरूंच्या आड गेला होता, बाही झाली होती.

तेवीस फ्रेम्सचंच चित्र झालं.
मधोमध दाट, कडांना थोडं खरखरीत.
रुझारला वाटलं छापणाऱ्याची चूक.

फ्यूजच्या डब्यात एक जागा रिकामी होती.
रविवारी तिथे तीन अँपिअरचा घातला,
खात्याची सवय, मार्करनं नावं लिहिली:
माउंट. कॅमेरा. दव. संगणक.
पाचवीवर, बाही.