तिसरी पायरी

जर्मनीचे पाहुणे आलेच नाहीत.
पैसे भरलेले, फ्रीजमध्ये झिंगे भरलेले,
तेव्हा अरुशाचा मॅनेजर आईला म्हणाला,
आस्या, दोन रात्री तुम्हीच राहा,
पोरांनाही आण, नाहीतर सगळं वाया जाईल.

वाया जाऊ नये म्हणून आम्ही गेलो.

ओहोटीला निघालो, घोटाभर पाण्यातून,
शामेच्या डोक्यावर चटई, कारण बाबांचा
दुसऱ्याच्या गादीवर विश्वास नाही.
आईच्या समुद्रशेवाळाच्या ओळी डाव्या हाताला ठेवून,
खुंट्यांना पाय न लावता.
पेंबाच्या या टोकाला रस्ता तो एवढाच,
सहा तास असतो, सहा तास नसतो.

व्हिलाच्या माहितीपत्रकात लिहिलंय :
सगळ्यापासून दूर.
शामेने विचारलं, कशापासून?
शाळा तर समोर दिसते.

आईने पलंगाच्या कडेला टेकून पाहिलं,
तापलेल्या तव्याजवळ हात नेऊन बघतात तसं.
चार वर्षं रोज ही चादर ती अशी ताणते
की वरून मुंगी गेली तरी कळावी.
आता आत शिरायचं कुठून,
हेच तिला ठाऊक नव्हतं.

बाबा भिंतींपाशी.
अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच प्रवाळाचा दगड फोडला,
चुना भिजवला, ओळंबा धरला,
आणि छप्पर चढायच्या आधी हिशेब चुकता करून
त्यांना घरी पाठवलं गेलं.
छपरासकट त्यांनी हे आतून पाहिलं नव्हतं.
तळहात सरकवत खोल्यांतून हिंडले,
बैल विकत घेणारा पाठीवरून हात फिरवतो तसे.
नाही, तसे नाही.
विकलेला बैल बाजारात पुन्हा भेटावा तसे.

शामे गरम पाण्याखाली इतका वेळ उभा राहिला
की त्याची बोटं म्हातारी झाली.
मी झिंगे नारळाच्या रसात शिजवले, आईला बसवलं.
ती तीनदा उठली.
चौथ्यांदा बाबा म्हणाले,
पाहुणी हो की जरा.

दहाला जनरेटर बंद झाला
आणि खाडीपलीकडे एक दिवा उरला.
पिवळा, माडांच्या बुडाशी, इतका निवांत
की माझ्या तोंडून गेलं,
तिथे कोण राहत असेल?

कुणी बोललं नाही.
मग आई म्हणाली, आपण.
सोलरचा दिवा मालवायचा राहिला.

बॅटरी उतरेल, बाबा म्हणाले,
पण उठले नाहीत. भरती लागली होती.
आणि खरं सांगायचं तर, आमचं घर आम्ही
एवढ्या लांबून, एवढं आरामात
कधी पाहिलंच नव्हतं.
शामे झोप लागेपर्यंत टक लावून होता,
जणू तिथे आम्ही जेवायला बसलो होतो.

सकाळी पलंग घातलेला,
उशाशी टॉवेलाचा हंस, मान वळवून.
हात राहत नाहीत गं, आई लाजून म्हणाली.

दुसऱ्या रात्रीचं काही आठवत नाही.
सगळे गाढ झोपलो. बाबासुद्धा, चटईवर.

निघताना टेबलावर पाहुण्यांची वही दिसली.
स्वर्ग, स्वर्ग, पुन्हा येऊ, स्वर्ग,
मला कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या भाषांत.
बाबा म्हणाले, लिही.
काय लिहू?
ते बाहेर गेले, पायऱ्या उतरले,
परत चढले, परत उतरले.

लिही : तिसरी पायरी बोटभर उंच झालीय.
चूक माझी. चुना संपत आला होता.
माकामे खातिबु, गवंडी.

मी लिहिलं, खाली तारीख घातली.

सोमवारी आईने त्या चादरी झटकल्या.
वाळू निघाली, सगळ्यांची निघते तेवढीच.
वहीतली ओळ स्वाहिलीत आहे,
त्यामुळे पाहुणे अजून अडखळतात तिथे,
एकमेकांचा दंड धरतात, हसतात.
आई बादली घेऊन मागे उभी असते.
ती पाय आपोआप
बोटभर वर उचलते.