आठे पाच, तठे?

अवधान एमआयडीसी, पत्र्याची शेड, दुपारचे तीन.
मीटर म्हणतो : पाच पॉइंट शून्य शून्य शून्य.
मी स्वतःची पाठ थोपटायला मोकळा.

मग प्रोब उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टेकवतो,
जिथे भार बसलाय, दहा अँपिअर मागणारा :
चार पॉइंट नऊ तीन आठ.

बासष्ट मिलिव्होल्ट
हातभर वायरीत कुठेतरी उतरून गेले.
कोणत्या थांब्यावर, कुणी पाहिलं नाही.

तीन दिवस रेफरन्सवर संशय घेतला.
आयसी बदलला, तोही नाशिकहून मागवून.
बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता.
चोर सगळे किरकोळ :
तांबं, जे तांबं असूनही जरा आडमुठं;
लग, जो मी पक्कडीने दाबला
कारण क्रिंपर शेजारच्या भामऱ्याने नेलेला;
आणि पितळी स्क्रूवर मागच्या श्रावणापासूनची काळपट साय.
दोन धातू गळ्यात गळा घालून दिसतात,
खरे टेकलेले असतात चार-दोन उंचवटे.
बाकी फट.

घासलं. आवळलं. एकवीस परत आले.
उरलेले एक्केचाळीस वायरीचेच, ती कशाला सोडतेय.

मग दोन बारीक तारा टाकल्या,
एकमेकींना पीळ देऊन, थेट भाराच्या पायापर्यंत.

लोटनअप्पा सोनगीरहून आले होते, पंखा दाखवायला.
बत्तीस वर्षं बोर्डात वायरमन.
चष्मा कपाळावर सरकवून वाकले :
"भाऊ, ह्या दोन काय कामन्या?"
म्हटलं, वाहत काहीच नाहीत, अप्पा.
तिकडे किती पोचलं, तेवढं येऊन सांगतात.

अप्पा हसले. "आमना टाइमले पोऱ्या ऱ्हाये."

नंदाण्याला लाइनीच्या शेवटच्या घरात
बल्ब निखाऱ्यासारखा पडलेला असायचा.
अप्पा खांबावर चढून जंपर घासत, आवळत,
खाली उतरून फ्यूज टाकत,
आणि तिथून, चार शेतं ओलांडून, हाक :
"उजेड उना का रे?"
बल्बखाली उभं केलेलं पोरगं ओरडे :
"लालच शे!"
पुन्हा चढायचं.

संध्याकाळी भार जोडला.
आता इथे पाच पॉइंट शून्य चार एक,
वाटेतल्यांचा वाटा धरून.
तिथे पाच.
शून्यं हलत नाहीत.

डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर लिहिलं :
बारीक तारा बिनकामाच्या समजून काढू नयेत.

त्या पोराचं नाव विचारलं.
अप्पांना आठवेना. बराच वेळ आठवेना.
पंखा उचलून दारापाशी गेले, थांबले,
"खोटं बोले नही," म्हणाले.