आलो

हुपरीहून सकाळची सव्वासातची एसटी,
राजारामपुरीत आठवी गल्ली, दुसरा मजला.
खाली झेरॉक्स आणि लॅमिनेशन,
वर स्पोकन इंग्लिश, तीन महिने, फी दोन हप्त्यांत.
चपला जिन्यात काढायच्या.
मिरजकर सर म्हणाले, भाषा पण तिथंच काढून या.
मी दोन्ही काढून आत गेलो.

पहिल्याच आठवड्यात सन्मती चौगुले उठला,
म्हणाला, सर, आय ॲम गोना ट्राय.
सरांनी खडू खाली ठेवला.
"गोना न्हवं, गोईंग टू. पूर्ण बोलायचं."
(न्हवं मात्र चालतं.)
सन्मतीचं इंग्लिश मोबाइलवरनं शिकलेलं,
टोपी उलटी घातल्यासारखं,
आणि आम्हाला तेच खरं वाटायचं.
सरांचं म्हणजे लग्नातला भाड्याचा कोट,
खांद्यात बसतोय, पण हात वर करता येत नाही.

मधल्या सुट्टीत चहाच्या गाड्यावर आसिफ म्हणाला,
"भावा, गोना म्हंजे काय रं शेवटी?
गोईंग टू घाईत बोललं की गोना.
करायला लागलोय घाईत बोललं की करालोय.
मग त्यांची ती स्टाईल आणि आपलं खेडवळ,
ह्यो कुठला न्याय?"
चहावर साय धरली, उत्तर कुणालाच आलं नाही.
पुण्याहून नवीन आलेली रेवा फक्त हसली.
ती घरी फोनवर आमची नक्कल करते,
प्रेमानं करते, म्हणते.
असेल.

एक सांगायचं राहिलं.
मी मुलगी आहे. संयोगिता.
वर 'गेलो' लिहिलंय ते चुकून नाही.
आमच्यात बाया असंच बोलतात,
मी जेवलो, मी दमलो, मी काय ऐकत नसतो.
आई दिवसभर पैंजणांना घुंगरं जोडते,
शेकड्यावर पैसे.
माल पोचवून आली की उंबऱ्यातनं म्हणते, आलो गं मी.
तिच्या 'आलो'त कुणी पुरुष लपलेला नाही.
पोटात भूक आणि बोटांना चिमट्याचे वळ,
एवढंच.

मार्चमध्ये पुण्यात इंटरव्ह्यू. काचेची इमारत.
काउंटरवर म्हणालो, मी आलोय, बाराच्या स्लॉटला.
ती माझ्या मागं बघायला लागली, कोण आलाय म्हणून.
मागं फक्त पाण्याचा कूलर.
"आलेय ना?" ती हळूच म्हणाली,
ओढणीची पिन सुटलीय हे सांगावं तशी.

आत मात्र
आय केम बाय बस, म्हणालो,
आणि कुणी मागं बघितलं नाही.
त्या 'आय'मध्ये बाई नाही, बाप्या नाही,
गाव नाही, घुंगरू नाही,
घासून पालथं घातलेलं ताट.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
बरं वाटलं म्हणून रागही आला.
वीस मिनिटं प्रत्येक गोईंग टू पूर्ण बोललो.
शेवटी तो कोटवाला खुर्ची मागं सारत म्हणतो,
वुई आर गोना कॉल यू.

मला ठसका लागला.
त्यानं पाणी पुढं केलं.

कावळा नाक्यावर उतरलो तेव्हा साडेदहा.
आसिफ गाडी घेऊन उभा. "काय झालं, मर्दा?"
"फोन करणार हायत."
"करणार हायत, का करालेत?"
"गोना," म्हणालो,
आणि दोघं असं हसलो
की झोपलेला रिक्षावाला उठून म्हणाला, कुठं सोडू?

हुपरीत दार नुसतं ढकललेलं.
आई बल्बखाली, अजून दीड शेकडा बाकी.
जिभेवर सगळंच होतं,
गाडीतनं येताना पाठ केलेलं 'आले',
फी भरून शिकलेलं 'आय केम'.
काहीच न बोलता शेजारी बसलो.
तिनं मान वर केली नाही.
"आलीस?"
"आलो," म्हणालो,
आणि दुसरा चिमटा कुठाय विचारला.