साकू

मागावर धागा तुटला
की मी आधी माग थांबवतो.
तेवीस वर्षं वडगावात हेच करतोय.
तुटलेला धागा ओढायचा नसतो,
ओढला तर शेजारचे चार जातात.

घरात मात्र ओढत होतो.

रेवू अडीच वर्षांची.
एक वाटी वरणभात
आणि घड्याळात सव्वा तास.
सुगंधा भरवायची,
मी मोबाइलवर नाचणारा हत्ती लावायचो,
आई मधूनच नाक चिमटीत धरायची,
तोंड उघडतं म्हणून.
भात कुसकरून झाला, मिक्सरमधून झाला,
मग गाळणीतूनही.
गिळलं, गिळलं, म्हणून टाळ्या वाजवल्या एकदा,
आणि दिवेलागणीला तिच्या उजव्या गालात
दुपारचा घास सापडला,
भिजल्या कापसाच्या बोळ्यासारखा.

लाडावलीय, म्हणाले.
दृष्ट काढा, म्हणाले.
जंताचं औषध, भुकेचं टॉनिक,
अनगोळच्या कुणाचा तरी अंगारा.
समोरची नीलव्वा रोज उंबऱ्यातून विचारायची,
ऊटा आयता?
जेवण झालं का, एवढंच;
सुगंधा त्या दोन शब्दांनी
रडवेली व्हायची.

मग एका रात्री लाइट गेली.
अख्ख्या गल्लीतले माग एकदम गप्प.
एवढी शांतता आमच्या कानांना सवयीची नाही,
तिच्यात मी ऐकलं:
रेवू पाण्याचा घोट घेते
आणि खोकते.
बारीक, ओला खोकला.
पुन्हा घोट, पुन्हा खोकला.
सात घोट मोजले मी अंधारात.
अडीच वर्षं हा आवाज घरातच होता
आणि वरून आमचे माग चालू होते.

सिव्हिलमध्ये हिरेमठ बाई.
त्यांनी आधी घसा नाही बघितला,
आम्हाला म्हणाल्या, डबा आणलाय ना, भरवा.
आणि आम्हालाच बघत राहिल्या.
मान कशी मागे जाते तिची,
चमचा दिसला की मुठी कशा वळतात.
मोबाइल पालथा घातला.
मग म्हणाल्या, पाय लोंबकळताहेत बघा,
तुम्ही तरी जेवाल का असं टांगून?
सुगंधानं विचारलं, एवढा हट्ट कशाचा हो हिचा?
बाई आपल्या भाषेत पुटपुटल्या,
हठ अल्ला, कष्ट.

तीन शब्द. दोन तर आमचेच होते.
मधला तेवढा 'नाही' आम्हाला ऐकू येत नव्हता.

आता बॉबिनचा रिकामा खोका तिच्या पायाखाली असतो.
पाणी लहान वाटीतून, घोटाघोटाला थांबून.
चमचा ओठांपाशी नेऊन वाट बघायची,
उघडले तर उघडले.
पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं,
उरलेल्याचं दुःख करायचं नाही.
(हे शेवटचं आईला अजून जमत नाही.)

परवा तिनं सुगंधाचा हात हलकेच बाजूला केला
आणि म्हणाली, साकू.
पुरे.
नीलव्वाकडून उचललेला शब्द,
रडण्याऐवजी.
आई म्हणाली, एकच घास गे, काऊचा.
सुगंधाचा चमचा हवेतच होता.
तिनं माझ्याकडे बघितलं,
मागावर बसल्यासारखा मी हात वर केला
आणि चमचा वाटीत परत गेला.

वजन अजून नऊ किलो तीनशेच.
खोकला आहे. मंगळवारी पुन्हा जायचंय,
कसलासा फोटो काढणार आहेत गिळतानाचा.
आम्ही उठलो, हात धुतले.
मागे वळून बघतो तर रेवू खोक्यावर उभी,
नाचणीच्या आंबिलात बोट बुडवून
ताटाच्या काठावर रेघ ओढत होती.
एक रेघ.
दुसरी.
मग बोट तिनं नाकाजवळ नेलं,
वास घेतला,
आणि आम्ही तिघं
आपापल्या कामात असल्यासारखे
जागच्या जागी थांबलो.