चौकट

टोलीडोत व्हर्ना बँकेचं पाकीट फोडते.
या खेपेला चष्मा शोधावा लागत नाही.
नव्या कायद्यानं दम भरला,
तशी बारीक अक्षरं मोठी झाली,
चौकटीत येऊन बसली:
फक्त किमान रक्कम भरत राहिलात
तर फिटायला बावीस वर्षं.

एकसष्ट अधिक बावीस.
ती बोटांवर करून बघते.
हातचा काही येत नाही.

कर्ज पिकल्सच्या खुब्याच्या ऑपरेशनचं.
नंतर दोन उन्हाळे पळाला गडी,
खारींमागे, वेड्यासारखा.
तिसऱ्यात गेला.

इतकं खरं
बँक आजवर तिच्याशी बोलली नव्हती.

चौकट कात्रीनं कापून
ती फ्रिजवर लावते,
त्याच्या गळपट्ट्याशेजारी.
मग चेक लिहिते:
किमान,
आणि वर पाच डॉलर.