तीन मिनिटं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुसू नका, टिपा.
शरणपूर रोडवरच्या त्या दवाखान्यातून
सिडकोपर्यंत स्कूटरवर
मी तो एकच शब्द घोळवत आलो.
आयुष्यभर पुसतच आलोय मी :
लेथचा बेड, गाडीची सीट,
हातावरचं कूलंट, कपाळ.

ऋजू अडीच वर्षांची.
गुडघ्यांमागे, कोपरांच्या आतल्या घडीत
लाल, खरखरीत चट्टे, कधी पाझरणारे.
डिसेंबरात निफाडकडून वारा सुटला
की आमच्या दोन खोल्यांत
थंडी सगळ्यात आधी तिच्या कातडीला कळते.

रात्री आवाज येतो,
उंदीर कागद कुरतडतो तसा, थांबून थांबून.
दिवा न लावता मी तिचा हात धरतो.
ती झोपेतच दुसरा हात काढते.
तोही धरतो.
मग ती पायानं पाय घासते.
असे कितीतरी तीन वाजलेले
आम्ही दोघांनी पाहिलेत.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
खालच्या खैरनारबाई कडुलिंबाचा पाला देऊन गेल्या,
मेहुणा म्हणाला अंडी तोडा, दूध तोडा.
सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या,
ओवाळू दे म्हटलं, त्यानं आग होत नाही.
पाल्याच्या पाण्यानं मात्र झाली.
ती किंकाळी बाथरूमच्या फरशीत
अजून कुठेतरी आहे.

ट्यूबवर ‘स्टिरॉइड’ वाचून
मंजिरीनं ती फ्रिजवर टाकली, लोणच्याच्या बरणीमागे.
आठ दिवस.
आठव्या सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके,
मोहरीएवढे.
मग डॉक्टरीणबाईंनी मंजिरीच्याच बोटाच्या पेरावर
मलमाची रेघ ओढून दाखवली.
एवढं, दोन तळहातांएवढ्या जागेला.
सांगेन तितकेच दिवस.
आमची भीती तेव्हा पहिल्यांदा मापात आली :
पेरभर.

आता बादलीत गंगापूर धरणाचं पाणी, कोमट,
कोपर बुडवून बघितलेलं.
पाच मिनिटांची आंघोळ, फेस नाही, वास नाही.
मंजिरीच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यानं टिपायचं
आणि अंग ओलसर आहे तोवर,
तीन मिनिटांत,
क्रीम. भरपूर. वरून खाली.
ऋजू पळते, ओली, नागडी, गॅलरीपर्यंत,
मागे मी,
मंजिरी घड्याळाकडे बघत ओरडते,
दोन चाळीस! दोन पन्नास!
समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा
पेपर खाली करून निकाल बघतात.

एकदा अर्ध्यातच तिनं माझा हात ढकलला.
“बाबा नको. बाबा टोचतो.”
मी तळवा बघितला.
अठरा वर्षं अंबडच्या कारखान्यात
तेलानं, कूलंटनं तडकलेला.
झिरो नंबरचा पॉलिश पेपर परवडला,
हा तर साठ नंबर.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनीच विचारलं,
हे कधीपासून?
मी सवयीनं हात पँटला पुसले.

तेव्हापासून दुसरी शिफ्ट सुटली
की वॉशरूममध्ये, सगळे गेल्यावर,
मी तिच्या डब्यातलं थोडं क्रीम लावतो,
औषधाच्या गोळीच्या जुन्या डबीत भरून नेलेलं.
सगळे गेले असं वाटतं, पण आहेर असतोच.
“काय राव, साखरपुड्याला निघाला का?”
हो म्हणतो.

कमी होतं, परत येतं.
शाळेत जाईपर्यंत बहुतेक जाईल, म्हणाल्या.
तो ‘बहुतेक’ही मी स्कूटरवर घरी आणलाय,
कुठे ठेवायचा कळत नाही.
आत्यानं विणलेलं लोकरी स्वेटर
कपाटात घडी घालून आहे.
आत सुती झबलं घालून फोटोपुरतं चढवलं,
आत्याला पाठवला,
आणि लगेच काढलं.

काल रात्री पुन्हा आवाज.
अंधारात चाचपत मी तिचा हात शोधला.
उशीजवळ उघडा पडलेला, सैल,
नखं बुधवारीच कापलेली.
दुसराही तसाच. पाय निवांत.
आवाज थांबला होता.
थांबला, कारण खाजवणारा हात
मी तिला शोधायला पुढे केला होता.

उठलो.
डबा आता दिव्याशिवाय सापडतो.